ब्रेक डिस्कचा चिरका आवाज बंद करणाऱ्या रचनेला पेटंट मिळतं का?

शिरोलीकर
नमस्कार मंडळी. आमचं शिरोली एमआयडीसीत छोटं मशीनशॉप आहे. शेजारच्या फाउंड्रीतून बिडाचं कास्टिंग येतं, त्याच्या आम्ही चारचाकीच्या व्हेंटिलेटेड ब्रेक डिस्क करतो. बराचसा माल स्पेअरच्या बाजारात जातो, थोडा एका मोठ्या पुरवठादाराला.

या धंद्यात सगळ्यात जास्त डोकं खाणारी तक्रार म्हणजे आवाज. ब्रेक नीट लागतो, डिस्क मापात असते, तरी सकाळी गाडी गार असताना पेडलवर हलका पाय ठेवला की कान किटतील असा चिरका आवाज. मग गिऱ्हाईक डिस्क आणून टेबलावर आपटतं.

धाकटा भाऊ आणि मी मिळून डिस्कच्या रचनेत एक बदल केलाय. डिस्क दोरीला टांगून हातोडीने ठोकली की पूर्वी बराच वेळ घुमायची, आता 'ठक्' करून गप्प होते. ओळखीच्यांच्या गाड्यांवर लावून बघितली, आवाज गेला. ब्रेक लागण्यात फरक नाही. वजन किंचित वाढलं.

सीए म्हणतात पेटंट घेऊन टाका, बँकेपुढे वजन पडतं. आमचे जुने टर्नर म्हणतात, "डिस्क ती डिस्कच, त्यात नवीन काय?" मला दोघांचंही पटतं, म्हणून इथे विचारतोय. अशा गोष्टीला भारतात पेटंट मिळतं का? रचना काय आहे ते खाली सविस्तर लिहू का?

दावाकर्ती
शिरोलीकर दादा, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: लिहू नका. इथे नको, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको, प्रदर्शनातल्या बॅनरवर तर मुळीच नको. मी पेटंट एजंट आहे आणि चांगल्या कल्पना अशाच वाया गेलेल्या पाहिल्या आहेत.

अर्ज दाखल होण्याआधी ती गोष्ट जगात कुठेही, कुठल्याही भाषेत छापून लोकांपुढे आली असेल तर नावीन्य संपलं. धागा मराठीत आहे म्हणून पेटंट कार्यालयातल्या तपासणीसाच्या नजरेला पडणार नाही या भरवशावर राहू नका. विरोध करणारा स्पर्धक शोधून काढतोच. अमेरिकेत संशोधकाने स्वतःच उघड केलं तर एक वर्षाची मुभा असते. आपल्याकडची मुभा फार अरुंद आहे: सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, विद्वत्सभेपुढे वाचलेला निबंध, अशा मोजक्या प्रसंगांपुरती.

आता मूळ प्रश्न. ब्रेक डिस्कला पेटंट मिळतं, नक्की मिळतं. पेटंटांच्या वर्गीकरणात एफ१६डी ६५/१२ हा डिस्कचा खाना आहे आणि ब्रेकचा आवाज व कंपन यांच्यासाठी एफ१६डी ६५/०००६ हा वेगळा. एस्पेसनेट किंवा गूगल पेटंट्स या पेटंट शोधायच्या साइटवर हे आकडे टाका आणि तिथली गर्दी बघा. त्या गर्दीत तुमचा बदल कुठे उभा राहतो, सगळं त्यावर आहे.

घाटवळण
आमच्या सोसायटीत रात्री कुणाची गाडी आली ते खिडकीत न जाता ब्रेकवरून कळतं. शिरोलीकर, पेटंटचं सरकार बघेल, सोसायटीतर्फे शाल-श्रीफळ पक्कं!

डेट्रॉइटकर
गर्दीबद्दल थोडं. मी मिशिगनमध्ये गाड्यांचा आवाज आणि कंपन याच विभागात नोकरी करतो.

हा आवाज डिस्क ब्रेकइतकाच जुना आहे. १९०२ मध्ये बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टरने डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्याचे पॅड तांब्याचे होते आणि ते भयंकर किंचाळायचे. १९०७ मध्ये हर्बर्ट फ्रूडने ॲस्बेस्टॉसचं अस्तर लावलं तेव्हा कुठे ते आटोक्यात आलं. याच लँचेस्टरने पुढे क्रँकशाफ्टला पीळ देणारी कंपनं मारायला घर्षणावर चालणारा डँपर, म्हणजे कंपन जिरवणारा भाग, काढला. त्याला आजही लँचेस्टर डँपरच म्हणतात.

म्हणजे 'दोन भाग एकमेकांवर घासू द्या, कंपन तिथे जिरेल' या विचाराला शंभर वर्षं झाली. ब्रेक ड्रम गप्प करायचे उपाय १९३० च्या दशकातल्या अमेरिकन पेटंटांत आहेत. जनरल मोटर्सने २००० नंतरच्या दशकात डिस्कवर बरंच काम केलं: बीड ओततानाच साच्यात स्टीलची कडी ठेवायची आणि तिला असा लेप द्यायचा की वितळलेलं बीड तिला चिकटणार नाही. निवल्यावर कडी आणि बीड यांच्यामध्ये अगदी बारीक घासण शिल्लक राहते आणि कंपनाची ऊर्जा तिथे उष्णता होऊन जाते. यावर त्यांची एक-दोन नाहीत, बरीच पेटंटं आहेत.

तुमचं याच्या जवळपासचं काही असेल तर 'हो' किंवा 'नाही' इथे सांगू नका. नुसतं वाचून या.

रेल्वेप्रेमी
कडीवरून आठवलं. वळणावर रेल्वेची चाकं किंचाळतात त्यावरचा एक जुना उपाय म्हणजे चाकाच्या रिमला आतल्या बाजूने खाच पाडून त्यात स्टीलची कडी ताणून बसवणे. युरोपातल्या ट्रामनाही अशा कड्या असतात. ते चाक आहे, ब्रेक डिस्क नाही, पण तपासणीस ते पुढे करू शकेल ना?

दावाकर्ती
@रेल्वेप्रेमी, करू शकेल, आणि मी विरोधात असते तर मीही तेच केलं असतं. दोन्हीकडे फिरणारी धातूची तबकडी, दोन्हीकडे घर्षणातून येणारा चिरका आवाज. या कामातला जाणकार माणूस शेजारच्या क्षेत्रात डोकावेल असं म्हणायला भरपूर जागा आहे.

नोडल_व्यास
आधी दोन आजार वेगळे करू, कारण अर्ज लिहिताना ते हमखास एकत्र होतात.

स्टीअरिंग थरथरतं, पेडल पायाखाली धडधडतं, तो जडर. डिस्कच्या जाडीत काही मायक्रोनचा फरक पडला की होतो आणि चाकाच्या वेगाबरोबर बदलतो. चिरका आवाज म्हणजे स्क्वील, साधारण १ ते १६ किलोहर्ट्झ. तिथे डिस्क आणि पॅड यांच्यातल्या घर्षणामुळे दोन कंपनं एकमेकांत गुंततात आणि चाकाच्या फिरण्यातली ऊर्जा ओढून फुगत जातात.

डिस्कच्या अंगाने यावर निरनिराळे उपाय आहेत. व्हेनची (डिस्कच्या दोन थरांमधल्या पात्यांची) संख्या किंवा टोपीची (डिस्कच्या मधल्या उंच भागाची) जाडी बदलून वारंवारिता सरकवता येते. सममिती मोडता येते: गोल डिस्कमध्ये कंपनं जोडीजोडीने, एकाच वारंवारितेला येतात आणि व्हेन असमान अंतरावर ठेवले की ती जोडी फुटते. हेही छापील आहे, त्यावर शोधनिबंध आहेत. आणि तिसरं म्हणजे खरं डँपिंग वाढवणं. बिडात ग्राफाइटच्या पाकळ्या असतात म्हणून ते मुळातच स्टीलपेक्षा कमी घुमतं. कार्बन वाढवला की आणखी कमी घुमतं, पण ताकद घटते. बाहेरून काही जोडून डँपिंग वाढवणं म्हणजे वाजणाऱ्या ताटाला बोट लावण्यासारखं.

शिरोलीकर, तुमची डिस्क 'ठक्' करते म्हणजे तुम्ही या तिसऱ्या वाटेवर असावात. पण टांगलेली डिस्क गप्प झाली म्हणून गाडीवरची गप्प होईलच असं नाही. गाडीवर पॅड, कॅलिपर (पॅड दाबणारा भाग), नकल (चाक धरणारा भाग) सगळे मिळून ओरडतात. ॲक्सेलरोमीटर लावून प्रत्येक वारंवारितेचं डँपिंग मोजलंय का? आणि डायनॅमोमीटरवर एसएई जे२५२१ ही ब्रेकच्या आवाजाची ठरलेली चाचणी?

खानापूरकर_गॅरेज
माझं रोजचं काम हे. निम्म्या गाड्यांत डिस्कचा दोषच नसतो. पॅडच्या कडा चॅम्फर (तिरक्या कापलेल्या) नसतात, मागची शिम (पातळ पत्रा) फेकून दिलेली असते, नाहीतर कॅलिपरच्या पिना सुकलेल्या असतात. पॅड काढा, पिनांना त्यांचं ग्रीस लावा, शिम नवी टाका, आवाज बंद. त्याला कुठलं पेटंट लागत नाही.

चिकित्सक
खानापूरकरांशी सहमत. आणि पेटंट मिळालं समजा, पुढे काय? छोट्या कारखानदाराने कोर्टात कुणाशी आणि किती वर्षं भांडायचं? बजाज आणि टीव्हीएसचं बघा. एका सिलिंडरला दोन स्पार्क प्लगवाल्या इंजिनावरून भांडण. २००८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने मनाई दिली, २००९ मध्ये खंडपीठाने उठवली, मग सर्वोच्च न्यायालय, आणि शेवटी २०१९ मध्ये आपसात तडजोड. आकुर्डीच्या बजाजला जे झेपायला एवढा काळ लागला ते शिरोलीला कसं झेपेल? तेच पैसे डाय आणि मशीनमध्ये घाला.

दावाकर्ती
@चिकित्सक, खटल्याचा खर्च खरा आहे, तो नाकारत नाही. पण अर्जाचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघुउद्योग असेल तर ऑनलाइन अर्जाची सरकारी फी १,६०० रुपये, तपासणीच्या विनंतीची ४,०००. मसुदा लिहून घेण्याची फी वेगळी, आणि खरा खर्च तोच.

शिवाय पेटंट फक्त भांडायला नसतं. उद्या मोठ्या पुरवठादाराने हीच डिस्क दुसऱ्या शॉपकडून करून घेतली तर हातात कागद असलेला माणूस बोलणी करू शकतो. कागद नसलेल्याला पुढच्या ऑर्डरच्या भीतीने गप्प बसावं लागतं.

चिकित्सक
कागद असला तरी ऑर्डरच्या भीतीने गप्पच बसतात. मी पुरवठादारांच्या बाजूला नोकरी केली आहे, हे जवळून बघितलंय. तरी १,६०० रुपयांत अर्जाची तारीख मिळते हे मान्य, तेवढं करायला हरकत नाही.

सुखदा_प
एक प्राथमिक शंका. जनरल मोटर्सची पेटंटं अमेरिकेतली. त्यातलं एखादं भारतात घेतलेलंच नसेल तर शिरोलीकरांना तेच इथे का मिळू नये?

दावाकर्ती
सुखदाताई, हा प्रश्न माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण विचारतो. हक्क देशापुरता असतो, पण नावीन्य जगभरच्या माहितीशी ताडून पाहतात. अमेरिकेत छापून आलं म्हणजे ते नवं राहिलं नाही, त्यामुळे इथे त्याच गोष्टीवर पेटंट नाही. पण भारतात ते घेतलेलं नसेल किंवा २० वर्षांची मुदत संपली असेल, तर शिरोलीकर तशी डिस्क इथे खुशाल बनवून विकू शकतात. 'मला पेटंट मिळेल का' आणि 'मी हे विकू शकतो का' हे दोन स्वतंत्र शोध आहेत. दोन्ही करून घ्या.

जुना_लेथवाला
तुमच्या टर्नरच्या बोलण्याला कायद्यात आधार आहे बरं का. आमच्या उद्यमनगरात या निकालाची चर्चा व्हायची म्हणून लक्षात आहे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, डिसेंबर १९७८, सर्वोच्च न्यायालय. मिर्झापूरची भांड्यांची केस. भांडं लेथवर घट्ट धरून सफाईने कातायची पद्धत, तिच्यावर पेटंट होतं. कोर्ट म्हणालं की ही नुसती वर्कशॉपमधली सुधारणा, कसलेला कारागीर ती करणारच. पेटंट गेलं.

पण त्याच निकालात असंही आहे की जुन्याच गोष्टी एकत्र आणून नवा परिणाम मिळाला, किंवा पूर्वीपेक्षा चांगली वा स्वस्त वस्तू झाली, तर ते पेटंटला पात्र होऊ शकतं. फक्त ते जाणकाराला सहज सुचणारं नसावं. शिरोलीकर, तुम्हा दोघा भावांना हे सुचायला काय काय करावं लागलं, त्याची वही ठेवलीय का? नसेल तर आज रात्री बसून लिहा. तारखा घाला. लई उपयोगाला येते.

दावाकर्ती
जुना_लेथवाला काका, अगदी नेमकं. त्याला जोडूनच पेटंट कायद्याचं कलम ३(एफ): माहीत असलेल्या वस्तू नुसत्या शेजारी मांडल्या आणि प्रत्येक आपापलं जुनंच काम करत राहिली, तर तो शोध नाही. समजा डिस्कला खाचेत कडी बसवली आणि शिवाय व्हेन असमान अंतरावर ठेवले. कडी तिचं काम करते, व्हेन त्यांचं. तपासणीस लगेच ३(एफ) लावेल. एकामुळे दुसऱ्याचं काम बदलत असेल, दोन्ही मिळून बेरजेपेक्षा जास्त देत असतील, तर वाचाल. पण ते आकड्यांनी दाखवावं लागेल.

डेट्रॉइटकर
आकड्यांवरून इकडचा एक खटला सांगतो, आपल्या विषयाच्या इतका जवळ दुसरा नसेल. अमेरिकन ॲक्सल विरुद्ध नीॲप्को. प्रोपेलर शाफ्टच्या पोकळ नळीत लायनर घालून तिची कंपनं मारायची पद्धत. लायनर असा 'ट्यून' करायचा की एकाच वेळी दोन प्रकारची कंपनं दबतील. पेटंट मिळालेलं होतं. २०१९ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की हा हूकचा नियमच आहे, म्हणजे निसर्गनियम. २०२० मध्ये निकालात दुरुस्ती केली, पेटंटातल्या एका दाव्याला (म्हणजे नेमका कशावर हक्क ते सांगणाऱ्या कलमाला) पुन्हा संधी दिली, दुसरा बादच ठेवला. सगळ्या न्यायाधीशांनी पुन्हा ऐकावं का यावर सहा विरुद्ध सहा अशी बरोबरी. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण हातात घ्यायलाच नकार दिला.

मला तो निकाल पटलेला नाही. गाडीचा लोखंडी भाग बनवण्याची पद्धत निसर्गनियम म्हणून बाद होत असेल तर यंत्र अभियांत्रिकीत उरतं काय? पण त्यातून घेण्यासारखं एक आहे. दाव्यात 'ट्यून करणे' एवढंच होतं. कसं करायचं, किती जाडी, कुठे बसवायचं, काही नाही. परिणामावर हक्क सांगितला आणि तिथेच घसरले.

नोडल_व्यास
पूर्ण सहमत. 'कंपन शोषणारी ब्रेक डिस्क' असा दावा म्हणजे 'आवाज न करणारी डिस्क माझी'. रचना सांगा: कुठे, कोणत्या मापात, किती सैल, कशाने धरलेलं.

सुखदा_प
आणि डिझाइन नोंदणी? ती सोपी असते म्हणे.

दावाकर्ती
सोपी आहे, १० वर्षं मिळतात आणि पुढे ५ वाढवता येतात. पण ती डोळ्यांना दिसणाऱ्या रूपाची. डिस्क आवाज का करत नाही याला तिथे काही किंमत नाही, उलट नुसत्या कामासाठी असलेला आकार त्यातून वगळलेला आहे. डिस्कच्या पृष्ठभागावर वेगळी नक्षीदार भोकं असतील तर विचार करा.

शिरोलीकर
सगळ्यांचे मनापासून आभार, मी काल रात्रीपासून हेच वाचतोय. रचना न सांगता उत्तरं देतो.

विक्री अजून केलेली नाही. चाचणीसाठी ज्यांच्या गाड्यांना लावल्या ते घरचेच लोक. एक संच आणि ड्रॉइंग त्या पुरवठादाराकडे दिलंय, त्यांच्याशी गोपनीयतेचा करार आधीपासून आहे. डँपिंग मोजलेलं नाही, पुण्यात एआरएआय या वाहन चाचणी संस्थेकडे चौकशी करतोय. जनरल मोटर्सचं वाचलं. आमच्यातला एक भाग त्याच्या जवळ जातो, हे प्रामाणिकपणे सांगतो. वाईट वाटलं. भावाला दाखवलं तर तो म्हणाला, मग सोडून देऊ.

दावाकर्ती
सोडू नका इतक्यात. चाचणीचं म्हणाल तर कलम ३२ तुमच्या बाजूने आहे: अर्जाच्या आधीच्या एका वर्षात, केवळ वाजवी चाचणीसाठी आणि ती लोकांत करणं गरजेचं असेल तर वापर चालतो. ब्रेक रस्त्यावरच तपासावा लागतो. पण वर्ष उलटू देऊ नका. पुरवठादाराचा करार मात्र पुन्हा वाचा. गोपनीयता असली तरी 'या कामातून निघालेली बौद्धिक संपदा ग्राहकाची' असं कलम मागच्या पानावर असतं. काम तुम्ही त्यांच्या ऑर्डरआधी केलंय हे दाखवायला काकांनी सांगितलेली वही लागेल.

नोडल_व्यास
मला एक व्यावहारिक प्रश्न पडलाय आणि उत्तर इथे देऊ नका. घासणीवर चालणाऱ्या कुठल्याही उपायाची खरी परीक्षा पावसाळ्यात. दोन भागांच्या फटीत पाणी जाणार, बीड गंजणार, गंज फुगून फट आवळणार. एकदा जाम झालं की घासण संपली, डँपिंग संपलं, डिस्क पुन्हा घुमायला लागणार. शिवाय घाटात डिस्क काही शे अंशांपर्यंत तापते आणि दोन भाग वेगवेगळे प्रसरण पावतात. तुमची डिस्क कोकणात एक पावसाळा उभ्या राहिलेल्या गाडीवर ठेवून मग ठोकून पाहिलीय का?

शिरोलीकर
अहो, आमची सुरुवातच तिथून झाली! पहिला प्रयोग छान चालला आणि जूननंतर पुन्हा आवाज सुरू. कापून बघितली तर आत गंजाने धरलेली. मग भावाने जे केलं ते नेमकं यासाठीच, म्हणजे फट

दावाकर्ती
थांबा! पुढे एक अक्षर नाही!

घाटवळण
ताईंनी ब्रेक मारला आणि आवाज अजिबात आला नाही 😄

दावाकर्ती
शिरोलीकर दादा, तुम्ही आतापर्यंत आवाज जाण्याचं पेटंट मागत होतात. ती वाट लँचेस्टरपासून लोकांनी तुडवली आहे. गंज धरल्यावरही घासण टिकते ही वेगळी अडचण आहे आणि तिचं उत्तर तुमच्याकडे आहे असं दिसतंय. त्याही वाटेवर कुणी गेलेलं असेल, ते शोधावं लागेल: आधी कुणी नेमकी हीच अडचण मांडली का, आणि तिच्यावर तुमचाच उपाय सुचवला का. 'नाही' आलं तर तुमची केस उभी राहते. पहिला प्रयोग फसला, कापलेल्या डिस्कमध्ये कारण दिसलं, मग बदल केला, हा क्रमच सांगतो की उत्तर समोर पडलेलं नव्हतं. कापलेली डिस्क जपून ठेवा, फोटो काढा.

जुना_लेथवाला
आणि भावाला सांगा, सोडायचं नाही. अर्जावर संशोधक म्हणून दोघांची नावं घाला. फट त्याने सोडवली असेल तर त्याचं नाव राहून गेल्यास पुढे घरात आणि कोर्टात दोन्हीकडे त्रास.

शिरोलीकर
नावं दोघांचीच. बुधवारी मुंबईला एका एजंटकडे वेळ घेतली आहे. आधी तात्पुरता तपशील दाखल करायचा आणि १२ महिन्यांत पूर्ण, असं ठरवतोय. एआरएआयच्या चाचण्या तोवर होतील का ही धास्ती आहे.

दावाकर्ती
बारा महिने लवकर सरतात, चाचणीची तारीख आजच मागा. तात्पुरत्या तपशिलातही दोन ओळी लिहून सोडू नका. जे त्यात नसेल त्याला ती तारीख मिळत नाही. गंजाची बाजू पहिल्या दिवसापासून कागदावर हवी. परदेशात जायचा विचार असेल तर आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबायचं किंवा कलम ३९ खाली परवानगी घ्यायची.

नोडल_व्यास
चाचणीत तीन अवस्थांची डिस्क द्या: नवी, मिठाच्या फवाऱ्यात गंजवलेली, आणि तापवून-निववून झालेली. शेजारी तुमची साधी डिस्क, त्याच ओतातली, कारण बिडाचा कार्बन बदलला तर डँपिंगही बदलतं आणि तुलनेला अर्थ राहत नाही.

खानापूरकर_गॅरेज
आणि पॅड सगळ्यांना एकाच बॅचचे लावा. नाहीतर श्रेय पॅडचं आणि पेटंट डिस्कचं व्हायचं.